दोऱ्याला बांधलेली पेन्सिल

कल्पना करा, तुमच्यासमोर तीनशे बारा पानांची एक कादंबरी आहे आणि तुम्हाला तिचं ई-बुक करायचं आहे. मूळ फाइल नाही, कारण ती ज्या कॉम्प्युटरवर होती तो केव्हाच भंगारात गेला. म्हणून पुस्तक उघडं दाबून धरायचं आणि एकेक पान स्कॅन करायचं. मग सॉफ्टवेअर त्या चित्रातली अक्षरं ओळखतं. पण त्याआधी पान स्वच्छ करावं लागतं. कागदाचा पिवळेपणा, चहाचे डाग, बोटांचे ठसे, थोडक्यात जे छापलेलं नाही ते सगळं काढून टाकायचं. त्यासाठी स्क्रीनवर एक पट्टी असते. ती उजवीकडे सरकवली की पान दुधासारखं पांढरं होतं. तुम्ही काय कराल? सरकवालच. मीही सरकवली.

कादंबरी प्रेमला कारखानीस यांची होती. माझी आई आणि त्या टेलिफोन खात्यात शेजारीशेजारी बसायच्या, म्हणून मी त्यांना मावशी म्हणते. एकविसाव्या वर्षी त्या बडोद्याच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून लागल्या. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जाळं, अहमदाबाद द्या, मुंबई द्या, भुसावळ लवकर द्या, माणूस अत्यवस्थ आहे. पुढे लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले आणि मावशींना तक्रारींच्या टेबलावर बसवलं. फोन बंद पडलेली माणसं तिथे शेजाऱ्याच्या फोनवरून भांडायची. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती भांडणं ऐकली आणि संध्याकाळी रावपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत बसून पाच कादंबऱ्या लिहिल्या.

या पाच कादंबऱ्या तुम्ही दुकानात शोधल्यात तर बहुतेक मिळणार नाहीत. प्रत्येकीच्या दर आवृत्तीला तीनशे प्रती लहरीपुऱ्यातल्या एका प्रेसमध्ये छापल्या गेल्या. त्यातल्या वीस प्रती मावशी स्वतःकडे ठेवत आणि त्या फिरवत. ही त्यांची पद्धत मी आणखी कुठे पाहिलेली नाही. फिरत्या प्रतीच्या कण्याला सुईनं एक दोरा ओवलेला असतो आणि दोऱ्याच्या टोकाला बोटभर पेन्सिल बांधलेली असते. पुस्तक घेणाऱ्याला एकच अट: जिथे थांबाल तिथे समासात आडवी रेघ मारायची आणि शेजारी आपलं नाव लिहायचं. जेवायला उठलात तरी रेघ, झोप आली तरी रेघ, कंटाळा आला तर दोन रेघा. अभिप्राय लिहायचा नाही. अभिप्रायात माणसं खोटं बोलतात, असं मावशींचं म्हणणं. रेघ मारताना कुणी खोटं बोलत नाही.

पुस्तक एका घरातून दुसऱ्या घरात जातं आणि वर्षा-दोन वर्षांनी परत येतं. मग मावशी वीस प्रती पलंगावर मांडून रेघा वाचत बसतात.

मला हे ठाऊक होतं, पण गंमत म्हणून. म्हाताऱ्या माणसांच्या असतात तशा सवयी, एवढंच मला वाटायचं. मी वाघोडियाला एका कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिते. जाता-येता कंपनीच्या बसमध्ये दीड तास मिळतो, त्यात मी फोनवर कादंबऱ्या वाचते. आमच्या घरात पुस्तकांचं कपाट नव्हतं. फोन नसता तर मी वाचायला लागलेच नसते, लिहायला तर दूरच. म्हणून रावपुऱ्यातल्या वाचनमंडळानं साठाव्या वर्षानिमित्त ई-बुकांची योजना काढली आणि पहिलं नाव प्रेमलामावशींचं घेतलं, तेव्हा मला त्यांच्याहून जास्त आनंद झाला.

वेळही नेमकी होती. मावशींची सहावी कादंबरी तयार होती. जकातनाक्याजवळ एकत्र दुकान चालवणाऱ्या आणि एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावांची गोष्ट. सात वर्षं त्यावर काम चाललं होतं. पण प्रेसवाल्यानं हात वर केले होते. "बेन, हवे चोपडी नथी छापतो," तो म्हणाला. पुस्तकं बंद, आता तो फक्त औषधांच्या खोक्यांतली घडीची पत्रकं छापतो. दुसरा कुणी तीनशे प्रतींसाठी यंत्र लावायला तयार नव्हता. मंडळानं कळवलं की नवी कादंबरी आम्ही काढू, मात्र फक्त ई-बुक म्हणून, आणि पाच वर्षं ती कागदावर कुठल्याही रूपात काढायची नाही. तसं करारात लिहिलेलं होतं. मावशी अडुसष्ट वर्षांच्या आहेत. पाच वर्षं हा आकडा त्यांनी दोनदा वाचला.

तरीही त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर बरेच जण म्हणाले की त्यांना नवं काही नकोच असतं. त्यांनी मला बोलावलं, तिसऱ्या कादंबरीची, पहिल्या आवृत्तीतली, सात नंबरची प्रत हातात ठेवली आणि सांगितलं की आधी हिचं करून दाखव, कशी दिसते ते बघते, मग सही करते.

मी तीन रविवार खर्च केले. चौथ्या रविवारी टॅबलेट घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी त्यांना अक्षर मोठं कसं करायचं ते दाखवलं, एखादा शब्द कसा शोधायचा ते दाखवलं. त्यांनी हात पुसले, टॅबलेट जवळ ओढला आणि एकशे सत्तेचाळीसावं पान काढायला सांगितलं. मी काढलं. त्यांनी पानाच्या कडेवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग खालून वर. मला वाटलं, स्क्रीन चालत नाही.

"संपतराव कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

मला काही कळेना. त्यांनी मूळ प्रत उघडून टॅबलेटशेजारी ठेवली. कागदावरच्या समासात शिसपेन्सिलच्या चार रेघा होत्या, चार नावं होती आणि सगळ्यांत खाली दोन जाड रेघांशेजारी संपतराव असं लिहिलेलं होतं. माझ्या पानावर काही नव्हतं. पट्टी मीच सरकवली होती. सॉफ्टवेअरच्या भाषेत त्याला कचरा म्हणतात.

मग मावशींनी मला त्या पानाची हकीकत सांगितली. कादंबरी पहिल्यांदा फिरून आली तेव्हा वीसपैकी अकरा प्रतींमध्ये याच पानावर कंटाळ्याच्या दोन रेघा होत्या. त्यांना काही उमजेना, कारण त्यांच्या मते ते पुस्तकातलं सगळ्यांत चांगलं पान होतं. त्यात नायिका बारा वर्षांनी परत आलेल्या नवऱ्याला माफ करते. मावशी स्कूटी काढून संपतरावांकडे गेल्या. संपतराव म्हणजे बसडेपोतले जुने कंट्रोलर, बोलायला तिखट. त्यांनी आधी चहा दिला आणि मग म्हणाले की प्रेमलाबाई, पुस्तक चांगलं चाललं होतं, पण इथे त्या बाईनं त्याला घरात घेतलं आणि मी पुस्तक मिटलं. माझ्या बहिणीनं घेतलं नव्हतं. तुमच्या बाईला काय घाई होती? मावशींनी घरी येऊन सहा महिने ते प्रकरण पुन्हा लिहिलं. दुसऱ्या आवृत्तीत नवरा दारातच उभा राहतो, आणि ती त्याला पाणी देते, एवढंच. त्या आवृत्तीच्या एकाही फिरत्या प्रतीत एकशे सत्तेचाळीसाव्या पानावर दोन रेघा आल्या नाहीत.

"तू पुस्तक स्वच्छ केलंस," त्या म्हणाल्या, "आणि माणसं झाडून काढलीस."

रागावल्या नव्हत्या. मेथी पुन्हा हातात घेतली. मी मात्र सिटी बसमधून घरी येताना फोन उघडला नाही.

पुढच्या शनिवारी मंडळाची सभा होती. अध्यक्ष धैर्यशील फणसे हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेले गृहस्थ, सगळ्यांशी हसून बोलणारे. करार टेबलावर ठेवलेला होता. मावशींनी रेघांचा विषय काढला. ई-बुकात वाचक कुठे थांबला हे मला कळेल का, एवढंच त्यांना हवं होतं. फणसेसर म्हणाले की किती जणांनी पुस्तक घेतलं तो आकडा दर महिन्याला मिळेल, ग्राफसकट. मावशी म्हणाल्या, घेतलं किती जणांनी ते नको, सोडलं कुठे ते सांगा. दोन-तीन जण हसले. फणसेसरांनाही गंमत वाटली असावी.

"प्रेमलाताई, ट्रंक कॉल बंद झाले तेव्हा तुम्ही उपोषणाला बसला होतात का?"

"नाही बसले. पण ट्रंक कॉलमध्ये समोरच्यानं फोन ठेवला तर मला कळायचं."

फणसेसरांनी दुसरी बाजू मांडली, आणि ती खोटी नव्हती. भास्कररावांचं उदाहरण त्यांनी दिलं. भास्करराव मावशींचे पहिल्या कादंबरीपासूनचे वाचक. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. ई-बुकात अक्षर हवं तेवढं मोठं होतं. त्यांना तुम्ही वाचू देणार नाही का, असं सरांनी विचारलं. हे मावशींना लागलं, ते सगळ्यांना दिसलं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तेजू, तू यंत्रांतली आहेस. खरं सांग. वाचणारा कुठे थांबला हे त्या यंत्राला कळतं का?"

मला खरं सांगावंच लागलं. कळतं, मी म्हणाले. म्हणून तर मी बसमध्ये फोनवर सोडलेलं पान घरी टॅबलेटवर आपोआप उघडतं. म्हणजे कुठेतरी ते लिहून ठेवलेलं असतं, मावशी म्हणाल्या. हो, ई-बुक कंपनीकडे. आणि ज्यानं पुस्तक लिहिलं त्याला दाखवतात? मी सांगितलं की एकूण आकडे मिळू शकतात, पण कोण कोणत्या पानावर थांबलं ते लेखकाला कुणी सांगत असल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मावशींनी पेनाला टोपण लावलं. करार न चुरगाळता, नीट, फणसेसरांकडे सरकवला. सर म्हणाले की ताई, विचार करा, सात वर्षांचं काम कपाटात पडून राहील.

"राहील तर राहील. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे."

पण कपाटात ते राहिलं नाही. सोमवारी सकाळी मावशी कोर्टाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन उभ्या राहिल्या. तिथे वकिलांचे दावे आणि कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट यांच्या रांगेत सहाव्या कादंबरीचा नंबर लागला. एकोणीस प्रती, स्पायरल बाइंडिंग, निळी पुठ्ठ्याची पाठ. विसावी प्रत भास्कररावांची. तिच्यासाठी मी फाइलमधलं अक्षर वाढवत गेले आणि मावशी खुर्चीवरून मागे मागे सरकत सांगत राहिल्या, अजून मोठं, अजून. ती प्रत दोन खंडांत झाली आणि दोन्ही मिळून पोळपाटाएवढी जड. झेरॉक्सवाल्यानं विचारलं की माजी, यह कौनसा केस है? मावशी म्हणाल्या, दो देवरानी-जेठानी का, तारीख पे तारीख चल रही है.

स्पायरलला दोरा ओवायला कणा नसतो. त्यावर त्यांनी तासभर डोकं चालवलं आणि शेवटी पेन्सिली तारेच्या पहिल्या वेढ्याला बांधल्या. मग स्कूटीच्या पुढच्या हुकाला पिशवी अडकवून त्या स्वतः घरोघरी गेल्या. मंडळाच्या पायरीवरही एक प्रत ठेवून आल्या. फणसेसरांच्या नावाची, पेन्सिलीसकट.

माझी बाजू बदलली का? पूर्ण नाही. मी आजही बसमध्ये फोनवर वाचते आणि मला ते आवडतं. वाघोडियाच्या बसमध्ये पोळपाटाएवढी कादंबरी कोण उघडणार? पण आता एखादं पुस्तक मध्येच सोडताना हात जरा थांबतो. वाटतं, हे कुणालातरी कळलं, पण ज्याला कळायला हवं त्याला नाही.

सहाव्या कादंबरीची चार नंबरची प्रत गेल्या आठवड्यात परत आली. पेन्सिल निम्मी झालेली. एकसष्टाव्या पानावर एकच रेघ आहे आणि शेजारी अटीबाहेर जाऊन कुणीतरी लिहिलंय, "का थांबले ते समोर बसून सांगते." खाली नाव दुर्गा. मावशी उद्या तिच्याकडे जाणार आहेत.

दरम्यान त्यांनी एका मोठ्या ई-बुक कंपनीला पत्रं लिहायला सुरुवात केली आहे. त्यांनी आधी फोन नंबर मागितला होता. नंबर नसतो, फक्त फॉर्म असतो, हे ऐकून तक्रारींच्या टेबलावर आयुष्य काढलेली ही बाई अस्वस्थ झाली. फॉर्म मी भरते, मजकूर त्यांचा. आतापर्यंत तीन उत्तरं आली. पहिल्यात आभार होते, दुसऱ्यात पानावर खूण कशी करावी याची माहिती होती, तिसऱ्यात पुन्हा आभार. चौथं पत्र त्यांनी काल सांगितलं आणि या वेळी एक शब्दही बदलायचा नाही अशी ताकीद दिली. ते तसंच इथे देते:

"माझं पुस्तक तुमच्याकडे नाही आणि इतक्यात येणारही नाही. पण इतरांची हजारो आहेत. कोणता माणूस कोणत्या पानावर उठून गेला, हे तुमच्याकडे लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याला ते तुम्ही सांगत नाही. मग ते जपून ठेवता तरी कुणासाठी?"