वहिनींची अर्धी हाक

रुक्सानाताईंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो आणि इथे बहरीनमध्ये हमद टाउनच्या राउंडअबाउटवर अडकलो होतो. सकाळच्या त्या वेळी त्यांचा फोन कधी येत नाही. "भावजी, आधी गाडी बाजूला घ्या," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढचं मला कळून चुकलं. कळायचं होतं ते फक्त दोघांपैकी कोण, एवढंच. मी मनाशी दादाचं नाव धरून बसलो होतो, कारण आजारी तो होता. कुमुदवहिनींना साधी सर्दी झालेलीही मी पाहिली नव्हती... पण गेल्या त्या वहिनीच. चहाचं आधण ठेवलं, ओट्याला टेकल्या, आणि खलास. रुक्सानाताई मूळच्या श्रीवर्धनच्या. अरादला वहिनींच्या समोरच्या दारात इतकी वर्षं राहिल्यामुळे दोन्ही घरांच्या किल्ल्या दोन्ही घरांत असतात. दादा कुठे आहे, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते बाल्कनीत बसलेत, कुमुदताईची वाट बघत. मी काय सांगू त्यांना?"

त्या बाल्कनीबद्दल आधी सांगायला हवं. तिथून अरादची खाडी दिसते, ओहोटीला उघडा पडणारा चिखल दिसतो आणि त्यात चोची खुपसत फिरणारे पक्षी दिसतात. कुणीही शहाणा माणूस तिथल्या दोन वेताच्या खुर्च्या पाण्याकडे तोंड करून ठेवील. येणारे पाहुणे तसंच करायचे, आणि पाहुण्यांची पाठ वळली की वहिनी त्या परत समोरासमोर करायच्या, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. मी एकदा म्हणालो, वहिनी, अहो समोर एवढा समुद्र आहे आणि तुम्ही आमच्या दादाचं थोबाड काय बघत बसता? त्यावर त्या म्हणाल्या, "भावजी, समुद्र काही उत्तर देत नाही."

ही बसण्याची तऱ्हा त्या बोत्स्वानाहून घेऊन आल्या होत्या. दादा वीज केंद्रातला इंजिनियर. लग्न झालं आणि लगेच त्याला तिकडची नोकरी लागली. देवरुखच्या शाळेतून बीएस्सीला रत्नागिरीला गेलेली मुलगी, त्यापलीकडे जग न पाहिलेली, एकदम आफ्रिकेच्या दक्षिणेला जाऊन पडली. क्वार्टर्सच्या कुंपणामागे काटेरी झाडांचं रान सुरू व्हायचं. दादा सकाळी गेला की संध्याकाळपर्यंत घरात बोलायला कुणी नाही. दुसरी कुणी रडली असती, माहेरच्या आठवणी काढत बसली असती. वहिनी रान ऐकत बसल्या. दुर्बीण नाही, पुस्तक नाही, नुसते कान. सुट्टीवर आमच्या घरी संगमनेरला आल्या की जेवायला बसल्यावर आम्ही सगळे त्यांच्याभोवती कोंडाळं करायचो. मला चिमणी आणि कावळा ओळखता येतो, त्यापुढचे सगळे 'पक्षी'. पण वहिनी आवाज काढायला लागल्या की माझ्याही तोंडचा घास तोंडात राहायचा.

तिथे एक राखाडी, शेंडीवाला पक्षी असतो. तो झाडाच्या शेंड्यावर बसून नाकात ओरडतो, "ग्वेऽऽ, ग्वेऽऽ," म्हणजे साहेबाच्या भाषेत 'गो अवे', चालते व्हा. शिकारी दबत दबत हरणापर्यंत पोचावा आणि ह्यानं वरून बोंब मारावी, की हरीण पसार. म्हणून शिकारी त्याला शिव्या घालतात, असं वहिनी सांगायच्या. आपल्या पावशासारखाच पावसाच्या तोंडावर ओरडणारा एक लाल छातीचा पक्षीही त्यांनी ऐकवला होता, दिवसभर तीच तीन अक्षरं, माणसाचं डोकं उठेपर्यंत. पण माझा लाडका होता तिथला कोतवाल. हा काळा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी मुंगसासारख्या छोट्या प्राण्यांच्या टोळीजवळ जाऊन बसतो. ससाणा आला की खरीखुरी धोक्याची हाक देतो. टोळी बिळात पळते, जीव वाचतो, विश्वास बसतो. मग एखाद्यानं छान जाडजूड अळी उकरून काढली की हा बेटा खोटीच हाक देतो. सगळे पळाले की खाली उतरतो आणि अळी उचलून चालता होतो. पुन्हा त्याच हाकेला फसेनासे झाले, तर दुसऱ्याच प्राण्याच्या आवाजात ओरडतो. हे सांगताना वहिनी आमच्या आत्याच्या ताटातली शेवटची वडी कधी उचलायच्या, ते आत्याला कळायचंसुद्धा नाही.

आणि मग ती जोडी. आपल्याकडे दिवसभर टुक टुक करणारा तांबट असतो ना, त्याचाच तिकडचा भाऊबंद, लालभडक तोंडाचा आणि गळ्याला काळा पट्टा असलेला. क्वार्टर्सच्या मागे उंबरासारखं एक झाड होतं, त्यावर त्यांचं बिऱ्हाड. नर-मादी फांदीवर समोरासमोर बसायचे, आधी घशात घरघर करून गळा मोकळा करायचे, मग एक म्हणायचा "टू" आणि दुसरा त्याच क्षणी "पुडली". टू-पुडली, टू-पुडली, आणि दर वेळी दोघं वाकून एकमेकांना मुजरा करायचे. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं की एकच पक्षी गातो आहे. नवीन लग्न झालेल्या ह्या दोघांनी ते उचललं. वहिनींचा "टू", दादाचा "पुडली". तो कामावरून आला की फाटकाशी, त्या स्वयंपाकघरात असल्या की बाहेरून. मुलगी झाली, मुग्धा, तिनं आईबापांची हाक म्हणून जगात पहिल्यांदा ऐकलं ते हेच.

पुढे दोघं इथे बहरीनला आल्यावर हा प्रकार थांबेल असं मला वाटलं होतं. कसला थांबतोय! मनामाच्या बाजारात कपड्यांच्या दुकानातून वहिनी "टू" करायच्या आणि समोरच्या अत्तराच्या दुकानातून आमचा दादा, पांढऱ्या केसांचा सीनियर इंजिनियर, "पुडली" म्हणून ओरडायचा. मी मेल्याहून मेल्यासारखा होऊन दुसऱ्याच गल्लीत शिरायचो. बहरिनी दुकानदार मात्र खूश. एक म्हातारा तर वहिनी दिसल्या की आधी स्वतःच "टू" करायचा.

वहिनी ईसा टाउनला एका शाळेत लहान मुलांना विज्ञान शिकवायच्या. आपल्या मराठी मुलांशी मराठीत बोलायच्या, मुलं इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि ह्या व्यवहारात कुणाचं काही अडलं नाही. खोटं बोलणाऱ्या मुलाला त्या कधी रागावल्या नाहीत, "कोतवाल आला वाटतं," एवढंच म्हणायच्या. शेवटची घंटा झाली की वर्गाच्या दारात उभ्या राहून "ग्वेऽऽ" करायच्या आणि अख्खा वर्ग "ग्वेऽऽ" करत बसकडे पळायचा. परवा त्यांच्या आठवणीसाठी आम्ही सगळे जमलो होतो, तेव्हा टाय लावलेला एक बँकवाला, त्यांचा जुना विद्यार्थी, बोलायला उभा राहिला. बोलायच्या ऐवजी त्यानं हळूच तो "ग्वेऽऽ" काढला, आणि मागून दहा-बारा जणांनी त्याला साथ दिली. मला इतका अभिमान वाटला की रडू यायचं राहून गेलं.

पण वहिनींचं खरं कर्तृत्व ह्यातलं काहीच नाही. ते पुढे आहे. काही वर्षांपूर्वी दादाला झटका आला. हात-पाय वाचले, वाचा गेली. त्याला सगळं समजायचं, पण शब्द निघायचा नाही. हॉस्पिटलात त्याला पाणी म्हणा, नाव म्हणा, एक-दोन म्हणा, असं करवून घ्यायचा प्रयत्न व्हायचा. तो तोंड उघडायचा, डोळ्यांत पाणी आणायचा आणि भिंतीकडे वळायचा. एका सकाळी वहिनी डबा घेऊन आल्या आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, काही मनात नसताना, दारातूनच "टू" म्हणाल्या. पलंगावरून आलं, "पुडली". मी तिथे होतो. केरळची नर्स सलाईन लावता लावता थांबली. वहिनींनी डबा खाली ठेवला, परत "टू" केलं, परत "पुडली" आलं, आणि मग त्या बाईंनी जे केलं त्याला माझा आजही सलाम आहे. त्या रडल्या नाहीत. खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "अति तिथे..." दादा म्हणाला, "माती."

तिथून सुरू झालं. घरी आल्यावर बाल्कनीत रोज सकाळी समोरासमोर. वहिनी अर्धं म्हणायच्या, दादा अर्धं पुरं करायचा. नाचता येईना, अंगण वाकडं. उथळ पाण्याला, खळखळाट फार. त्यांच्या म्हणी संपल्या की मला फोन यायचा, "भावजी, नवीन माल पाठवा," आणि मी ऑफिसातल्या मराठी मंडळींकडून म्हणी गोळा करून द्यायचो. श्रीवर्धनकडच्या चार रुक्सानाताईंनी दिल्या, त्यातल्या दोन इथे छापण्यासारख्या नाहीत. दादाला त्याच सगळ्यात आधी आल्या. म्हणींवरून घरातल्या वाक्यांवर गाडी आली. "मला हवं आहे..." म्हटलं की "पाणी". "आज वार..." म्हटलं की "शुक्रवार". हॉस्पिटलात ज्या डॉक्टरांनी आशा नाही म्हणून मान हलवली होती, त्यांनी नंतर वहिनींना विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात? वहिनी म्हणाल्या, उंबराच्या झाडाखाली.

एक गाठ मात्र सुटेना. दादा उत्तर द्यायचा, सुरुवात करायचा नाही. कुणी अर्धं वाक्य पुढे केलं नाही तर तो दिवसभर तसाच बसून राहील, भूक लागली तरी. गेल्या हिवाळ्यात खाडीवर फिरताना वहिनी मला म्हणाल्या, "तिकडे एक मधाची वाट दाखवणारा पक्षी होता. तो आधी बोलवायला येतो, मग माणूस ओ देतो, आणि दोघं मिळून पोळ्यापर्यंत जातात. कुणीतरी आधी बोलावंच लागतं हो. उद्या मी नसले आणि ह्यांना भूक लागली, तर हे कुणाला सांगणार?" मी नेहमीसारखं काहीतरी 'होईल इंशाल्ला' म्हणून वेळ मारून नेली. वहिनी इंशाल्लावर विसंबणाऱ्या नव्हत्या. तेव्हापासून त्यांनी नवीन नेम धरला. सकाळी खुर्चीत बसायचं, दादाच्या डोळ्यांत बघायचं आणि तोंड मिटून ठेवायचं. "टू" आपण म्हणायचं नाही, त्यानं म्हणेपर्यंत थांबायचं. चहा निवायचा. दादा बघत राहायचा, ओठ हलवायचा, आवाज यायचा नाही. शेवटी वहिनीच हसून "टू" म्हणायच्या आणि त्याचा जीव भांड्यात पडायचा. "आज पण मौनव्रत," असं म्हणून त्या उठायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत तोंड मिटून बसायच्या. असे किती महिने गेले. एकदाही यश आलं नाही.

त्या गेल्या आणि दादा उत्तर द्यायचाही थांबला. मी आणि माझी बायको अरादला मुक्कामाला आलो. मी समोर बसून "टू" करून पाहिलं; माझा आवाज म्हणजे वंगण न घातलेलं दार, असं म्हणून वहिनी नेहमी हसायच्या. "अति तिथे" म्हणून पाहिलं. काही नाही. मुग्धा कॅनडाहून आली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आईशिवाय बाबांना इथे कोण सांभाळणार, काका किती दिवस पुरणार, तिकडे अशा माणसांसाठी चांगली सोय आहे. तिनं दादाला दोनदा विचारलं, "बाबा, विल यू कम विथ मी?" तो खाडीकडे बघत राहिला. मला मात्र आतून वाटत होतं की त्या देशात, इंग्रजीत, त्याला अर्धं वाक्यसुद्धा कुणी पुढे करणार नाही... पण अडवायला माझ्या हातात काय होतं? तिकिटं काढायचं ठरलं.

त्या सकाळी वरून वेड्या राघूंचे थवे चालले होते. इथला उन्हाळा सरत आला की ते इथून दक्षिणेला जातात, पार आफ्रिकेच्या टोकाकडे. दर वर्षी वहिनी आवाज ऐकूनच बाल्कनीत यायच्या आणि म्हणायच्या, "अहो, बघा, आपल्या गावाला निघाले." दादा खुर्चीत होता, समोरची खुर्ची रिकामी. मी दारात उभा होतो, मुग्धा आत फोनवर. दादानं वर पाहिलं. थवा दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. मग समोरच्या खुर्चीकडे वळून त्यानं मान खाली झुकवली, घशात घरघर केली आणि म्हणाला, "टू."

तो वहिनींचा वाटा होता. आयुष्यात त्यानं तो कधी म्हटला नव्हता. खुर्ची गप्प होती. दादा थांबून राहिला, वहिनी थांबायच्या तसाच. आणि आतून, फोन तसाच हातात धरून मुग्धा आली. मराठीत विचारलेल्याला आयुष्यभर इंग्रजीत उत्तर देणारी आमची मुग्धा. दारात उभी राहून, रडत, पण सुराला एकदम पक्की, ती म्हणाली, "पुडली."

दादानं तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, परत हलले. कुणी अर्धं वाक्य पुढे केलेलं नव्हतं.

"चहा," तो म्हणाला.

मुग्धा एकटीच परत गेली. दादा इथेच आहे, आम्हीही आहोत, दुपारी रुक्सानाताई असतात. रोज थोडं पुढे सरकतं. काल त्यानं आपणहून "खिडकी" म्हटलं. पाहुणे अजून खुर्च्या समुद्राकडे वळवतात आणि त्यांची पाठ वळली की मी त्या परत समोरासमोर करतो. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मी वहिनींच्या खुर्चीत जाऊन बसतो. वंगण न घातलेल्या दाराचा माझा "पुडली" तयार असतो, पण मी तोंड मिटून ठेवतो. चहा निवतो. निवू दे. वहिनी, सुरुवात तोच करतो.