मरळीसाठी बांधलेला नाकतोडा

गारखेड्यातल्या आमच्या गॅलरीत बसून मी नाकतोडा बांधत होतो. खरा नाही, मासा फसावा म्हणून गळावर बांधायचा खोटा. अंगाला बायकोच्या शिलाईच्या डब्यातला हिरवा रेशमी दोरा, पंखांना कोंबड्याच्या मानेचं पीस. पाय काही केल्या जमेनात. पिसाच्या काडीला गाठ मारून गुडघा वाकवायला गेलं की काडी तुटायची. कितीदा सोडला, पुन्हा बांधला. शेवटी बायको म्हणाली, "आता हा उडी मारील बघ."

रविवारी आम्ही गंगापूरकडं, माझ्या सासुरवाडीला गेलो. मळ्याकडेच्या ओढ्यात एक डोह आहे. तिथं मरळ वर येऊन नाकतोडे टिपते, हे मी मागच्या खेपेला पाहिलं होतं.

डोहावर पोचलो तर मेव्हणा आधीच तिथं. विहिरीच्या मोटारीच्या पेटीतून ओढलेली वायर बांबूला बांधून त्यानं पाण्यात सोडली होती. मासे पोट वर करून तरंगत होते. मोठ्या मरळी दोन-तीनच. बाकी बोटाएवढी पिल्लं.

"दाजी, तुमच्यासाठीच धरले. आता ते खेळणं ठेवा खिशात."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडं एक म्हातारी शेळ्या पाण्यावर उतरवताना दिसली.

"मावशे, थांब! पाण्यात करंट हाय!" मी घसा फोडून ओरडलो. तिनं पुढची शेळी शिंगाला धरून मागं खेचली.

मेव्हणा हसला. "रोजचंच हाय की हे."

"ती मेली असती!"

"मेली का पण? नाय ना."

माझं डोकं फिरलं. धावत जाऊन पेटीचा खटका पाडला, वायर उपटून काट्यांत भिरकावली. दुपारी तेच मासे ताटात आले. म्हातारीचं सांगून मी उठलो. सासूबाई रडायला लागल्या. बायकोनं भावाला विचारलं, "म्हातारीचं खरं हाय का?" त्यानं पुढचा घास घेतला. तिनंही ताट सारलं.

पुढं प्रत्येक लग्नात तो सांगत सुटला, "दाजी खेळण्यापायी रुसले." लोक हसायचे. परवा मी भर पंगतीत उभं राहून सगळं सांगितलं. सासऱ्यांनी मान खाली घातली. मेव्हण्यानं बोलणं टाकलं. टाकू दे. डोहात अजून वायर पडते, हे सासूबाईच मला फोनवर दबक्या आवाजात सांगतात.