एक्सलची रिंग

दाजींना मी तुच्छ समजत होतो, हे आधीच सांगून टाकतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रांजणगावच्या एका कारखान्यात ते फिटर होते. तिथून कमी केल्यावर ताईला घेऊन वडगाव रासाईला आमच्याच घरी राहायला आले. जावयाचा मान मोठा, पण तो चार दिवसांसाठी आला तर. इथं तर आठ महिने झाले होते. मी मुद्दाम त्यांच्या देखत ताईला विचारायचो, "दाजी आज कुठं गेल्ते, का झोपूनच हायेत?" ताई मान खाली घालून भाकरी थापत राहायची. मला बरं वाटायचं.

न्हावऱ्याच्या रस्त्याला आप्पांचा, म्हणजे वडलांचा, एक गाळा रिकामा पडला होता. दाजींना तिथं गॅरेज टाकायचं होतं आणि मला खताचं दुकान. त्यातच आप्पांच्या गाडीच्या पुढच्या एक्सलवरचा रबरी बूट फाटला. आतलं सगळं ग्रीस उडालं आणि वळणावर गाडी कटकट वाजायला लागली.

"मामा, दौंडला कशाला न्यायची?" दाजी आप्पांना म्हणाले. "बूट मी घरीच बदलतो."

आप्पांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बदला. गाडी नीट चालली तर गाळा तुमचा."

ताई दारातच उभी होती. आठ महिन्यांत त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. मला ते बघवेना.

धोंड्याचा महिना चालू होता. दाजी ज्या दिवशी गाडी खोलणार होते, नेमकं त्याच दिवशी आईनं जावयाला जेवण ठेवलं होतं. चार पाहुणेही बोलावले होते. पण घरातच राहणाऱ्या जावयाला आणायचं कुठून? म्हणून आईनं ठरवलं, की दाजींनी आंघोळ करून मारुतीच्या देवळात जाऊन बसायचं आणि आप्पांनी तिथून त्यांना पाहुण्यासारखं घरी आणायचं. गल्लीभर हसू झालं. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

दाजींनी पहाटेच गाडी जॅकवर घेतली होती. चाकाचा नट गंजून बसलेला, त्यात तासभर गेला. पण हात मोठा नेटका होता. काढलेली प्रत्येक वस्तू डिझेलनं धुऊन स्टीलच्या ताटलीत ओळीनं मांडलेली. बूट बदलायचा तर एक्सलच्या टोकाचा सांधा उतरवावा लागतो. तो परत चढवला की सुटू नये म्हणून टोकाच्या खाचेत एक लोखंडी रिंग अडकवतात. दाजींनी नवा बूट घातला, सांधा चढवला, ग्रीस भरलं. ताटलीत तेवढी रिंग उरली होती आणि आईची हाक आली, "अवो, पाहुणं आलं! देवळात जा आधी!"

हात रॉकेलनं पुसत दाजी उठले. मला म्हणाले, "जरा ध्यान ठेवा. न्हाईतर कोंबड्या सामान उधळायच्या."

मी ध्यान ठेवलं. रिंग उचलून शर्टाच्या खिशात घातली.

त्यांना देवळातून आणलं, पाटावर बसवलं, तेहतीस अनारशांचं वाण दिलं. कपाळावर कुंकू आणि अंगावर नवे कपडे, तसेच ते गाडीपाशी आले. आप्पा पाहुण्यांना घेऊन चक्कर मारायला उतावीळ झाले होते. दाजींनी रिकाम्या ताटलीकडं बघितलं.

"रिंग बसवली व्हती का वो मी?"

"बसवली की दाजी. माझ्या डोळ्यांदेखत."

ग्रीसच्या गोळ्याखाली काही दिसत नव्हतं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि एक्सल जागेवर बसवला.

वेशीजवळच्या वळणावर खड्डा आला, खाड्कन आवाज झाला. इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, गाडी जागची हलेना. शेवटी बैल जुंपून ओढत आणली. पोरं शिट्ट्या मारत मागं धावत होती. आप्पा पाहुण्यांसमोर दाजींना म्हणाले, "कंपनीनं उगंच न्हाई काढलं तुम्हाला."

दाजींनी नव्या कपड्यांवरच गाडीखाली शिरून एक्सल ओढला. सांधा निसटून पडला होता. टोकावरची मोकळी खाच त्यांनी अंगठ्यानं पुसली आणि माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मग आप्पांना म्हणाले, "माझीच चूक मामा. ईसरलो."

मला वाटलं, भित्रा आहे. खरं सांगतो, तेव्हा एवढंच वाटलं.

आठवड्यात दोघं कारेगावला पत्र्याच्या एका खोलीत राहायला गेली. दाजी ठेकेदाराकडं पोती उचलायला लागले. गाळ्यात माझं दुकान थाटात सुरू झालं.

भाऊबीजेला ताई एकटीच आली. मी टोपी घालून पाटावर बसलो. तिनं कुंकू लावलं आणि ओवाळायला ताटातली सुपारी उचलली. सुपारीबरोबर सोन्याची अंगठी असते. त्या जागी ती रिंग होती, घासूनपुसून लख्ख केलेली.

"त्या दिवशीचा शर्ट मीच धुतला व्हता," ती मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाली.

आई पुढं वाकली. "अगं, सोन्याची कुठाय?"

"ह्याला हीच," ताई म्हणाली आणि माझ्या तोंडासमोरून ती रिंग सावकाश तीनदा फिरवली.