पाच पायऱ्या कोरड्या

चंद्राबाई नवी नवरी होऊन कृष्णाकाठच्या नदीआळीत आली, त्याच श्रावणात तिनं दाराआडून सासऱ्याचं अन् चुलतसासऱ्याचं भांडण ऐकलं.

"घाटाच्या पाच पायऱ्या कोरड्या ऱ्हायल्या की घरं सोडायची!" सासरा कोंडीबा गरजला.

"सहा, दादा. पाचाला निघालं तर वाटंतच पाणी गाठतंय."

"थोरला कोण? तू का मी?"

झालं, पाच ठरल्या. तोवर पाणी उंबऱ्याला लागलं होतं, ते दोघांना नव्या नवरीनंच सांगितलं.

तेव्हापासून पावसाळ्यात रोज संध्याकाळी घाटावर जाऊन कोरड्या पायऱ्या मोजायचं काम तिच्याकडं आलं. धरणातनं किती क्युसेक पाणी सोडलं ते सरकार फोनवर कळवतं; पण क्युसेक कुणी बघितलाय? पायरी दिसती तरी.

मग उपसरपंच नानासोंनी नवा घाट बांधला. म्हाताऱ्यांसाठी बुटक्या पायऱ्या, बाजूनं दिवे. चंद्राबाईचे गुडघे एकदम खूश. तिसऱ्या दिवशी मात्र तिला शंका आली. गुडघे काय उगीच खूश होत न्हाईत.

पुढल्याच पावसात नदी चढली. विजा कडाडत होत्या अन् नानासो भोंग्यावरून सांगत होते, "घाबरू नका, अजून आठ कोरड्या हायत. पाचाला निघू."

शेजारी कापडदुकानदार अजितकुमार निवांत चहा पीत होते. त्यांची बायको प्रभावती खुबा मोडून खाटेवर पडलेली; चंद्राबाई रोज खिडकीतनं तिला पायऱ्यांचा आकडा सांगायची. वाट बुडाली तर तिला अशा विजांत होडीत घालायचं म्हणजे जिवाशी खेळ.

"आवं अण्णा, उठा. आठ म्हंजी चारच हायत."

"शाळेत कवा गेलात, चंद्राबाई?"

"न्हाई गेले. तुमचा कापड मोजायचा गज घ्या अन् चला."

माणसापेक्षा गजावर अण्णांचा विश्वास जास्त. जुन्या घाटाचा एक दगड चंद्राबाईनं धुणं धुवायला दारात आणून ठेवला होता. अण्णांनी तो मोजला. बारा इंच. भिजत जाऊन नवी पायरी मोजली. सहा. अण्णा तसेच दुकानाच्या टेम्पोकडं पळाले.

"कालपासनं सांगतीय, तिचं ऐका म्हणून!" खाटेसकट टेम्पोत चढताना प्रभावती ओरडली.

अण्णा चालू दुकान सोडतायत म्हटल्यावर आख्खी आळी निघाली. तासाभरात वाट बुडाली. तेव्हा नव्या घाटाच्या सहा पायऱ्या कोरड्या होत्या.

पूर ओसरल्यावर वेळेवर इशारा दिल्याबद्दल नानासोंचा सत्कार झाला. हार चंद्राबाईलाच घालायला लावला. तिनं टाळ्याही वाजवल्या.

प्रभावती हिंडूफिरू लागली, तरी तिच्या खिडकीशी थांबून आकडा सांगायची चंद्राबाईची सवय गेली नाही. वैशाखात चंद्राबाई वारली, त्याच्या आदल्या संध्याकाळीही ती घाट उतरून आली. नदी तळाला गेली होती.

"चाळीस कोरड्या, अक्का. म्हंजी जुन्या वीस."

"आवं, उन्हाळ्यात कशाला मोजताय?"

"सवय मोडली की माणूस नानासो होतंय," म्हणाली, अन् गुडघ्यावर हात टेकत घराकडं वळली.