मोजपट्टीचा दृष्टान्त

पूल संपला, पाण्याची टाकी मागे पडली, तरी मामांची गोष्ट काही संपेना. कुणा बदकाने सशाची कुरापत काढली होती.

"मामा," मी म्हटलं, "आपण तुमच्या सुनेला परत आणायला चाललोय. तिथे बदक काय करणार?"

"बदक म्हणजे मीच गं."

"मग 'मी' म्हणा ना!"

मामांनी नुसतीच छत्री या हातातून त्या हातात घेतली.

माझे मामा शिंपी. मापं ते घेतात, कापड सून बेतते. दोघांच्या मशिनी समोरासमोर. सरळ बोलणं मामांना जन्मात जमलं नाही. शिलाईला उशीर झाला की गिऱ्हाइकाला गोगलगायीची गोष्ट. मामी तर सांगायची, "लग्नाचं विचारायला आले नि चिमणीची गोष्ट सांगितली. मला वाटलं, पक्षी पाळतात!"

मध्यंतरी दुकानातले कपडे घट्ट व्हायला लागले. एकाचं तर बटणच उडालं. मामा चारचौघांत सुनेला म्हणाले, "बेतताना लक्ष कुठे असतं तुझं?" एवढं एकच वाक्य ते सरळ बोलले, आणि तेच चुकलं. दोष त्यांच्या गळ्यातल्या मोजपट्टीचा होता. वापरून वापरून ती ताणली होती. छत्तीसची छाती तिच्यावर चौतीस भरायची. सुनेची टेबलावरची पट्टी मात्र नवी.

हे कळल्यावर माफी मागायची, तर मामांनी काय केलं? गोष्ट सांगितली. एक होती म्हातारी मोजपट्टी. ताणली होती स्वतः, आणि गावभर सांगत सुटली, "अगंबाई, वाळलात की सगळे!"

सुनेला वाटलं, ती पट्टी आपणच. तिने मशिनीवर कव्हर घातलं आणि तडक माहेर गाठलं. मामेभावाने हात वर केले, "बाबा, गोष्ट तुमची, तुम्हीच निस्तरा." शेजारणीने चौकशी केली तर मामा म्हणाले, "मी सुनेला दृष्टान्त दिला."

ती दचकलीच. "अहो, पण तुम्ही तर जिवंत आहात!"

चालता चालता मी मामांना शाळेतल्या बाईंचं सांगितलं. दृष्ट म्हणजे पाहिलेला, अंत म्हणजे शेवट. गोष्ट सांगणाऱ्याची, शेवट ऐकणाऱ्याने बघायचा.

"बघ! म्हणजे चूक तिची."

"तिने तिच्या जागेवरून दिसला तो शेवट पाहिला, मामा."

"अगं, पण गोष्टी निघाल्या कशाला? कुणीतरी राजापुढे उभा असेल. 'महाराज, तुमचं चुकलं' म्हणायची छाती नाही. म्हणाला, 'एक होता सिंह.' झाली सुरुवात! आणि देव तरी कुठे सरळ बोलतो? स्वप्नात येऊन दृष्टान्तच देतो."

मी रोज देवापुढे हात जोडणारी, पण म्हटलं, "देवाचं निभतं, मामा. त्याला सकाळी सुनेसमोर मशीन चालवायची नसते."

मामा खो खो हसले. सुनेच्या माहेरचं फाटक आलं तसं हसू मावळलं. आतून मशिनीचा आवाज येत होता. सून इथेही शिवायला लागली होती. मामांनी खिशातून ती जुनी पट्टी काढली.

"ही तिच्या हातात देतो आणि म्हणतो..."

"काय म्हणता?"

"माझं..." घसा खाकरला. "माझं... एक होती—"

"मामा!"

"तू माझ्या शेजारीच बस," मामा हळूच म्हणाले. "आणि 'एक होती' म्हटलं रे म्हटलं की माझ्या पायावर पाय दे. जोरात दे."