बॉनेटची उजवी बाजू

श्यामकांत आगाशे बागबाजारात राहतात. गल्लीतले बंगाली लोक त्यांना आगाशेबाबू म्हणतात. चेष्टेत असले की बर्गी, म्हणजे लुटारू मराठे स्वार, म्हणतात. मराठ्यांच्या स्वाऱ्या हे शहर अजून विसरलेलं नाही, आणि त्या अडवायला खणलेला खंदक इथूनच सुरू होत होता. आगाशेकाकांचं त्यावर ठरलेलं उत्तर आहे. खंदक पूर्वजांसाठी होता, मी बदलीचा हुकूम घेऊन आलो, मला कोण अडवणार.

ते रंगाच्या कारखान्यात होते, प्रयोगशाळेत. नवी खेप जुन्या नमुन्याशी जुळते की नाही हे यंत्र सांगायचं. पण त्याखाली सही करण्याआधी काका रंगवलेले दोन्ही पत्रे खिडकीशी नेऊन उजेडात धरायचे. ज्याला सगळे नुसतं पांढरं म्हणत, त्यात त्यांना पिवळट, निळसर, राखाडी असे वेगवेगळे पांढरे दिसायचे. निवृत्त झाल्यावर बाकीचे गावी परतले. काका आणि सुनंदाकाकू इथेच राहिले.

कारखान्यात त्यांच्या हाताखाली दत्तबाबू म्हणून एक जण होते. त्यांनी बराकपूरच्या पुढे स्वतःचा छोटा कारखाना काढला. तिथे गाड्या धुण्याचा शाम्पू होतो. नवं मिश्रण जमलं की बिनलेबलाची बाटली काकांकडे येते. काका ते घरी, आपल्याच गाडीवर करून बघतात. त्यांनी चांगलं म्हटलं तरच माल बाजारात जातो.

मी साहित्यात एम.ए. केलं आणि घरी बसले. आमची दोन मराठी घरं जवळ, त्यामुळे माझं त्यांच्याकडे लहानपणापासून जाणं-येणं. या पावसाळ्यात काकांनी मला बोलावून घेतलं. चष्म्याचा नंबर बदललाय, म्हणाले, मी सांगेन ते तू चांगल्या इंग्रजीत लिहून दे. मला ते काम आवडलं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. गाडी गर्द निळी. गर्द रंगावर काही लपत नाही, म्हणून त्यांनी मुद्दाम तो घेतला होता. बॉनेटच्या मधोमध ते कागदी चिकटपट्टी लावत. डाव्या बाजूला जुना, पसंत पडलेला शाम्पू. उजव्या बाजूला नवा. दोन बादल्या, दोन फडकी. एकीकडचं फडकं दुसरीकडे गेलं तर सगळं पुन्हा. फेस किती वेळ टिकतो, धूळ उचलतो की नुसती फिरवतो, पाणी चादरीसारखं उतरतं की थेंब धरून बसतं, हे बघायचं. शेवटी कोरडं पुसायचं नाही. सावलीत आपोआप वाळू द्यायचं. वाळल्यावर डाग राहिले तर मिश्रण परत.

बादलीत आम्लता दाखवणारी कागदाची पट्टी बुडवून ते मला विचारत, रंग काय आला. मी हिरवट म्हटलं की विचारत, कुठला हिरवट, पोपटी की शेवाळी. मला वाटायचं ते मला शिकवतायत.

परवा दुर्गापूजेची अष्टमी होती. कोपऱ्यावरच्या मंडपात सकाळपासून ढाक वाजत होता. काका म्हणाले, आज बाटली बघून टाकू, उद्या खंडेनवमी, गाडी तशीही धुवायचीच आहे. त्यांच्या घरी त्या दिवशी विळी, शिवणयंत्र, पकड, हातोडी आणि गाडी यांची पूजा होते. पूजेनंतर गाडी फिरवून आणायची. दरवर्षी दोघं बराकपूरला जातात, गंगेकाठी बसून डबा खातात आणि गर्दी वाढायच्या आत परत येतात. काकूंना वर्षभरात याच सहलीचं कौतुक.

शाम्पूला लिंबाचा उग्र वास होता. फेस भरपूर आला. काका खूश दिसले. दत्ताला फेसाची हौस, म्हणाले, बायकोनं एकदा केस धुऊन बघितले असतील. आम्ही दोन्ही बाजू धुतल्या, पाणी मारलं आणि चहा घ्यायला पायरीवर बसलो.

चहा संपेपर्यंत बॉनेट वाळलं. डावी बाजू आरशासारखी होती. उजव्या बाजूवर पांढरट गोल डाग होते. मसुराच्या डाळीएवढे, दाट, चिकटपट्टीपासून कडेपर्यंत. मला ते पायरीवरूनच दिसले.

काका उठून गाडीजवळ गेले. वाकले. मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. बराच वेळ बघत राहिले.

“लिही,” ते म्हणाले. “दोन्ही बाजू स्वच्छ. एकही डाग नाही.”

मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. मी हसले. म्हटलं, काका, उजवीकडे बघा ना.

“उजवीकडेच बघतोय.”

मी जवळ जाऊन डागांवर बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं आणि हळूच फिरवलं. मग पालथं नख फिरवलं. नखाला ते खरखरीत लागलं असावं. त्यांचा चेहरा उतरला. तुला बघता येत नाही, उजेडाच्या बाजूला उभं राहावं लागतं, असं काहीतरी ते चिडून बोलले. बोलता बोलता थांबले.

पावसाळ्यापासूनच्या गोष्टी एकेक आठवत गेल्या. चहा ओतताना कपाच्या काठावर ठेवलेलं बोट. माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघणं. पट्टीचा रंग.

“मधलं गेलंय,” काका म्हणाले. “कडेकडेचं दिसतं. जिथे बघावं तिथे धूर.”

श्रावणात ते एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. घरी बँकेत जातो म्हणून सांगितलं होतं. डोळ्यातल्या पडद्याचा आजार. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं घ्यायला सांगितलं आणि गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. इंजेक्शन एकदा घेऊन झालं होतं.

मी विचारलं, काकूंना माहीत आहे का. ते नाही म्हणाले. मग मला अहवाल पुरा करायला लावला. उजव्या बाजूस डाग, मिश्रण नापसंत, परीक्षण करणाऱ्यास डाग स्वतः दिसले नाहीत, साहाय्यिकेने दाखवले, असं स्वच्छ लिहायला सांगितलं. दत्ताला आता दुसरा माणूस बघायला हवा, म्हणाले. शाम्पूच्या बाबतीत त्यांनी तसूभर खोटं चालू दिलं नाही.

“आणि उद्या?” मी विचारलं.

“उद्या काय?”

“बराकपूर.”

“रस्ता पाठ आहे मला.”

“रस्त्यावर माणसं असतात, काका.”

ते चिकटपट्टी सोलत राहिले. शेवटी म्हणाले, एवढी एक खेप होऊ दे. नंतर गाडी विकायला काढतो. हिला तोवर काही कळायला नको.

मी हो म्हटलं नाही. रिकामे कप घेऊन वर गेले.

काकू स्वयंपाकघरात पुरण वाटत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. त्या वाटत राहिल्या. माझं बोलून झाल्यावर हात धुतले आणि पदराला पुसले.

“आषाढापासून माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या.

काकांना डॉक्टरनं सांगायच्या आधीपासून.

गाडीत काकू फार बोलतात, असं काका नेहमी सांगायचे. लाल झालाय हो, पुढे रिक्षा आहे, बाई ओलांडतेय, आता जाऊ दे. शेजारी एक हवालदार बसवलाय, म्हणायचे. मीही त्यावर हसले होते. त्या सगळा वेळ त्यांना रस्ता वाचून दाखवत होत्या. आणि दर वेळी शेजारी जाऊन बसत होत्या.

मी विचारलं, बोलला का नाहीत. भीती नाही वाटली?

“वाटते ना,” काकू म्हणाल्या. “पण या माणसाला, तुम्हाला दिसत नाही, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? त्यांचं आयुष्य दिसण्यावर गेलं.” मग म्हणाल्या, “आणि गाडी बंद झाली की माझं बाहेर पडणंही संपलं. तेही आहे.”

मी म्हटलं, तुमच्या चुकीनं एखादं पोर गाडीखाली येईल. हे मी फार मोठ्यानं म्हटलं. काकूंनी पुरणाचं पातेलं झाकलं. मला म्हणाल्या, उद्या सकाळी ये, पूजेला. उद्या मी बोलणार नाही.

याचा अर्थ मला नीट कळला नाही. त्या काकांशी बोलणार नाहीत की बराकपूरला जाणार नाहीत? विचारायचं धैर्य झालं नाही. घरी आईबाबांना सांगावं असं वाटलं. मग वाटलं, काकू आहेत, त्या थांबवतील.

सकाळी गेले तेव्हा गाडी शेडमधून अर्धी बाहेर काढलेली होती. तोंड गल्लीकडे. दोन्ही बाजू चकचकीत. काकांनी पहाटे उठून जुन्या शाम्पूनं पुन्हा धुतली होती. काकूंनी बॉनेटवर हळदीकुंकवानं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. काकांनी धोतर नेसून पूजा केली आणि कपडे बदलून आले. काकू डबा घेऊन गाडीत बसल्या. त्या जाणार होत्या.

नारळ फोड, काकूंनी मला खिडकीतून सांगितलं. मी गाडीच्या समोर दगडावर नारळ आपटला. पाणी उडालं. शकलं उडून गल्लीत गेली. ती गोळा करायला मी खाली बसले. सूर्य समोरच्या घरावरून नुकता वर आला होता आणि काच लखलखत होती.

इंजिन चालू झालं.

“निघू?” काका म्हणाले.

काकू काही बोलल्या नाहीत.

मी मान वर केली. बॉनेटवरून मला त्यांचा चेहरा दिसला. ते सरळ माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे बघूनच त्यांनी गिअर टाकला. लिंबं फुटल्याचा आवाज आला. मला उठायला हवं होतं. मी उठले नाही. ते बघतायत, मग थांबतील, असं मला खरंच वाटत होतं.

झेंडूचा हार माझ्या कपाळाला लागला तेव्हा गाडीला हिसका बसला आणि ती बंद पडली. काकूंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला होता.

“अहो,” काकू म्हणाल्या, “अमृता आहे समोर.”

काका खाली उतरले. गाडीवर हात टेकत पुढे आले. मी उभी राहिले होते. त्यांचा हात माझ्या खांद्याला लागला आणि तिथेच राहिला.

“लागलं का?”

“नाही.”

“किती जवळ आलो होतो?”

मला खोटं सांगावंसं वाटलं. पण मी सांगितलं, हार लागला कपाळाला.

त्यांनी मान हलवली. मग काकूंच्या दिशेला वळले. “तू गप्प का राहिलीस?”

“बोलले असते तर तुम्ही नीट चालवली असती.”

“तुला माहीत होतं?”

“होतं.”

“म्हणजे इतके दिवस गाडी तू चालवत होतीस,” ते म्हणाले.

“मला कुठे गिअर येतात,” काकू म्हणाल्या, आणि डबा मांडीवर घट्ट धरून रडायला लागल्या. ब्रेकवर माझा हात पहिल्यापासून होता, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. मी समोर खाली बसलेय हे त्यांना दिसत होतं का, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

गल्लीत माणसं यायला लागली होती. नवे कपडे घातलेली, देवीला फुलांची अंजली द्यायला मंडपाकडे निघालेली. गाडी वाटेत आडवी. दोघे तिघे अंग चोरून गेले. एका आजीबाईंनी हार बघून गाडीला नमस्कार केला. मागून कोणीतरी ओरडलं, आगाशेबाबू, गाडी काढा.

काढणार कोण? मला येत नाही. काकूंना येत नाही. काकांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून बॉनेटवर ठेवला.

“ढकलू या,” ते म्हणाले. “सुनंदा, तू इकडे बस, स्टीअरिंगच्या चाकाशी.”

काकू डोळे पुसत उतरल्या, वळसा घालून आल्या आणि काकांच्या जागी बसल्या. ती सीट त्यांना फार मागे होती. पाय पोचत नव्हते. काकांनी बाहेरून वाकून गिअर काढला आणि ब्रेक कसा सोडायचा ते सांगितलं. मग ते आणि मी समोरून रेटायला लागलो. त्यांचं कपाळ जवळजवळ पत्र्याला टेकलं होतं. कुंकवाचं स्वस्तिक त्यांच्या सदऱ्याला पुसलं गेलं. गाडी हलली आणि मागे मागे शेडमध्ये जाऊ लागली.

“चाक सरळ धर,” काका म्हणाले.

“सरळच आहे हो,” काकू म्हणाल्या.