खुर्चीपुरती वाट

कर्जतला आमच्या क्लबची एक खोली आहे. पूर्वी तिथं भाताची पोती असायची. अजूनही भिंतीला हात लावला की बोटांना कोंड्याचा वास येतो. आता तिथं आजारपणाचं सामान असतं. वरखाली होणाऱ्या लोखंडी खाटा, कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या. ज्याला लागेल त्यानं न्यायचं, गरज संपली की आणून द्यायचं. गरज दोन तऱ्हांनी संपते. कुठल्या तऱ्हेनं संपली ते सामान आणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं, विचारावं लागत नाही.

माझ्या यजमानांची खाट इथूनच आली होती. ते गेल्यावर मी ती परत द्यायला गेले, तर खोलीची किल्ली सांभाळणारे गृहस्थ मुलाकडे पुण्याला कायमचे निघाले होते. "बाई, थोडे दिवस तुम्ही बघाल का?" त्यांनी विचारलं. मी शाळेतून निवृत्त झाले होते आणि दुपारी घरात बसवत नव्हतं. खाट परत द्यायला गेले ती तिथंच राहिले.

दुपारी तिथं फारसं कुणी येत नाही. दाराजवळ बसून मी पेंगते. त्या अर्धवट झोपेत खाटा आणि खुर्च्या मला वस्तू वाटतच नाहीत. लांबच्या गावांना जाऊन आलेली, दमलेली, न बोलणारी माणसं वाटतात. कुठली भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये राहून आलेली, कुठली खालापूरकडच्या एखाद्या शेतघरात. कुणाकुणाचे शेवटचे महिने ऐकून आलेली.

अशाच एका दुपारी, भाद्रपदात, दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा असेल. कोंडाण्याच्या वरच्या अंगाला डोंगरात ठाकरांची एक वाडी आहे, तिथून आला होता. आई दगडावरून घसरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. आता घरी आणलं होतं, पण ती उठतच नव्हती. नुसती भिंतीकडं तोंड करून पडलेली.

"चाकाची खुर्ची पायजे बाई."

"वाडीपर्यंत रस्ता आहे का?"

"पायवाट हाय."

"मग चाकं कुठं फिरवणार?"

"ते बगतो आमी," तो म्हणाला, आणि माझ्याकडं असा बघत राहिला की पुढचा प्रश्न मला विचारता येईना. मी खुर्ची काढून दिली. दोन महिन्यांनी आणून दे म्हटलं. त्यानं ती घडी केली, दोरीनं पाठीला बांधली, आणि चाकं दोन्ही खांद्यांच्या मागं घेऊन बाजारातून निघाला. लोक वळून बघत होते. मला मात्र वाटलं, ह्या खुर्चीला पहिल्यांदाच कुणीतरी उचलून नेतंय.

दिवाळी गेली. खुर्ची आली नाही. वाडीवर फोनला रेंज नव्हती. एवढ्यात खालापूरच्या एका रिक्षावाल्याचा फोन यायला लागला. त्याच्या वडिलांना अर्धांग झालं होतं. "मॅडम, खुर्ची मोकळी झाली का?" तो रोज संध्याकाळी विचारायचा. दुसऱ्या खुर्च्या बाहेर होत्या आणि त्या घरांतली माणसं अजून उठायची होती. क्लबचे अध्यक्ष, त्यांचं बाजारपेठेत औषधांचं दुकान आहे, मला म्हणाले, "बाई, वाडीवर ती खुर्ची कोपऱ्यात पडून असणार. दगडाधोंड्यात ती काय चालणार? एकदा जाऊन घेऊन या."

मलाही तसंच वाटत होतं. म्हणून मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी निघाले. कोंडाण्यापर्यंत रिक्षानं गेले आणि पुढं चालायला लागले. दरी धुक्यानं भरलेली होती. घाटातून गाडी जात होती, पण दिसत नव्हती. नुसता आवाज ह्या डोंगरातून त्या डोंगरात जात होता. वाटेत मोळी घेऊन चाललेली एक बाई भेटली. तिला विचारलं तर म्हणाली, "खुर्चीवाली आजी ना? चला माज्या मागं." तिच्या मोळीकडं बघत मी चढत राहिले. पायाखाली सगळे दगड. प्रत्येक दगडाबरोबर मी स्वतःला म्हणत होते, इथं चाकं पाठवणारी तू किती शहाणी! काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं. आजी, दुसऱ्या एका माणसाला गरज आहे, खुर्ची न्यावी लागेल. एवढंच.

धुकं पातळ झालं आणि वाडी आली. दहा-बारा घरं, कुडाच्या भिंती, अंगणात वाळत घातलेली वालाची पापडी. आणि तिथं एकाएकी दगड संपले.

समोर एक वाट होती. खुर्चीच्या रुंदीहून वीतभर जास्त, तेवढीच. लाल माती घालून, चोपून, शेणानं सारवलेली. दोन्ही कडांना छोटे दगड ओळीनं लावलेले. ती एका घराच्या दारातून निघत होती, सगळ्या घरांना वळसा घालत जात होती आणि शेवटी टेकडाच्या टोकाला, एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली थांबत होती. सकाळचं सारवण अजून ओलसर होतं. मी काही विचार न करता पायातल्या चपला काढल्या. वाट गार होती. अनवाणी तिच्यावरून चालताना मला वाटलं, आपण अजून घरीच आहोत, झोपलेलो आहोत, आणि हे सगळं दिसतंय.

मोहाखाली आजी बसली होती, खुर्चीत. बारीक, काळीसावळी, डोक्यावर पदर. मांडीवर सूप होतं आणि ती वाल निवडत होती. आजूबाजूला तीन-चार बायका जमिनीवर बसून बोलत होत्या.

"ही खुर्चीची बाई," मोळीवालीनं सांगितलं.

आजीनं सूप बाजूला दिलं. "ये गं बाय. बस."

कुणीतरी कोरा चहा आणला. वाटेबद्दल मी विचारलं, तेव्हा सगळ्या एकदम बोलायला लागल्या. सुरुवातीला लेक खुर्ची उचलून अंगणात ठेवायचा. एक दिवस सुनेनं दारापुढचे धोंडे काढले, म्हणजे निदान दहा पावलं तरी चाक फिरेल. मग शेजारणीला वाटलं, ही माझ्या दारापर्यंत का येऊ नये? तिनं तिच्या दारापुढचे काढले. मग तिच्या पुढचीनं. पाऊस उघडला तसे पुरुष खालून माती घेऊन आले, जड लाकडी धुम्मसानं चोपली. आता ज्याच्या दारापुढचा तुकडा, तो त्यानं सारवायचा.

"उजाडता निघते ती ऊन वर आल्यावर पोचते मोहाखाली," मोळीवाली म्हणाली. "हर दारात थांबते ना. गावची पाटलीण झालीय."

"उगी गं," आजी म्हणाली, पण तिला बरं वाटलं होतं.

खाली दरीत ऊन उतरलं होतं. भातकापणी झालेली खाचरं रिकामी, पिवळट, लांबवर कर्जतच्या बाजूला धूसर होत गेलेली. बायकांचं बोलणं चालू होतं. घोकलेलं वाक्य घशाशी यायचं आणि परत जायचं.

शेवटी आजीनंच विचारलं, "कशाला आली होतीस गं बाय, एवढा डोंगर चढून?"

"खुर्ची नीट चालते का ते बघायला," मी म्हणाले.

आणि मग खोटं नीट दिसावं म्हणून मी खाली वाकून चाकं फिरवून पाहिली. ती आवाज न करता फिरली. लेकानं त्यांना करंजाचं तेल घातलं होतं. "छान ठेवलीत," मी म्हणाले. आजी माझ्याकडं बघत होती. खूप वेळ बघत होती. मी चहाचा कप ठेवला आणि उठले.

अध्यक्षांना मी सांगितलं, अजून थोडे दिवस लागेल तिला. त्यांनी नुसती मान हलवली. संध्याकाळी रिक्षावाल्याचा फोन आला. मी तो वाजू दिला. वाजायचा थांबल्यावर मला माझीच लाज वाटली. मोहाखालचं ऊन मी स्वतः बघितलं होतं, म्हणून ते मला खरं वाटत होतं. खालापूरचा तो म्हातारा मी पाहिला नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. दुसऱ्या दिवशी मी फोन घेतला आणि म्हटलं, "अजून नाही हो, दादा." तो म्हणाला, "ठीक आहे मॅडम. ते दाराकडं बघत बसतात, म्हणून विचारतो."

चौथ्या दिवशी दुपारी खोलीच्या दारात आजीचा लेक उभा होता. पाठीला खुर्ची. त्यानं ती उतरवली, उघडली, माझ्यापुढं ठेवली. धुऊन पुसून आणली होती. मी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मला काही कळेना. तिथं दुःख नव्हतं.

"आईनं धाडली," तो म्हणाला. "म्हनली, बाई खुर्ची न्यायला आल्ती. बोलली नाय, पन तोंडावर लिवलेलं व्हतं."

"अरे, पण मग ती कशी..."

"चालते ती."

"चालते?"

तो हसला, खाली बघून. "मला बी ठावं नव्हतं बाई. तुमी गेल्या, तवा तिनं माज्या बायकोला सांगितलं. महिना झाला, आमी शेतावर गेलो का ती खुर्चीच्या मागं हुबी ऱ्हायची, दांडा धरून ढकलत चालायची. वाट सपाट हाय ना. आमी यायच्या टायमाला परत बसायची."

"लपवलं कशाला?"

"म्हनली, चालते कळलं तर खुर्ची जाईल. खुर्ची गेली तर वाट कोन सारवील, मोहाखाली कोन येऊन बसंल."

मग मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्या सकाळी मोहाखाली आम्ही दोघी समोरासमोर बसून एकमेकींशी खोटं बोलत होतो, आणि दोघींनाही तीच खुर्ची जाऊ द्यायची नव्हती. माझं तिला तेव्हाच कळलं होतं. तिचं मला आत्ता कळत होतं.

मी त्याला एक वॉकर दिला. तो त्यानं गळ्यात अडकवला आणि गेला.

खुर्ची त्याच दुपारी खालापूरला गेली. रिक्षावाला घ्यायला आला तेव्हा मीही त्याच्या रिक्षात बसले. त्याचे वडील ओट्यावरच्या खाटेवर होते. आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी चांगला असलेला हात चाकावर ठेवला, चाक थोडं पुढं नेलं, थोडं मागं आणलं. परत पुढं. लेक बाजूला उभा राहून बघत होता. मी त्याला दोन वेळा सॉरी म्हटलं. त्याला वाटलं उशिराबद्दल म्हणतेय. "काही नाही हो मॅडम," तो म्हणाला.

शिमग्याच्या आधी मी पुन्हा वाडीवर गेले. कुणी सांगितलं नव्हतं, सामानही आणायचं नव्हतं. वाट होती. उलट वाढली होती. उताराला एक घर आहे, तिथल्या म्हातारीचे गुडघे दुखतात, तिच्या दारापर्यंत एक फाटा नेला होता. मोहाची फुलं गळत होती आणि सगळ्या वाडीत गोड, जड वास भरला होता. आजी वॉकर धरून माझ्या दिशेनं येत होती. अगदी हळू. प्रत्येक दारात थांबून दोन शब्द बोलत होती, त्यामुळं तिला माझ्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. मीही पुढं गेले नाही. तिला येऊ दिलं.

"खोटारडी," ती जवळ आल्यावर म्हणाली.

"तुम्ही पण," मी म्हणाले.

ती इतकी हसली की वॉकर हलायला लागला. मग मोहाखाली बसून आम्ही भाजलेली मोहाची फुलं खाल्ली. काय बोललो ते आठवत नाही. वाल बरे झाले होते, असं काहीतरी.

निघताना ती सारवण संपतं तिथपर्यंत माझ्याबरोबर आली. पुढं दगड होते. ती थांबली. "हितनं तुजी तू जा," म्हणाली. मी चपला घातल्या आणि उतरायला लागले. दरीवर उन्हाचा धूर पसरला होता. खूप खाली आल्यावरही वरून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, नुसता सूर.